पासष्ट वॅटचा आरोपी

१

शनिवारी सकाळी तेजस्विनी सोनकांबळेनं बटण दाबलं आणि हब मेला. फट् असा एवढासा आवाज, मग जळक्या प्लास्टिकचा वास, बस्स. ना जाळ, ना धूर. पण येळवंडे प्रिसिजनच्या इन्स्पेक्शन रूममध्ये त्या आवाजानं जो गहजब केला, तो प्रेस कोसळूनही झाला नसता.

हब म्हणजे मुठीएवढी काळी डबी. कॉम्प्युटरला यूएसबीच्या खाचा कमी पडतात, म्हणून ही डबी मध्ये लावायची आणि बाकीची पिलावळ तिला जोडायची. इथल्या पिलावळीत होती डिजिटल गेजं, एक कॅमेरा आणि एक हार्ड डिस्क. डिस्कमध्ये नव्या ब्रेक पिनची सगळी मोजमापं होती, पावसाळाभर घेतलेली. सोमवारी गिऱ्हाईक कंपनीची माणसं तीच बघायला येणार होती. दिसली तर काम पक्कं. नाही दिसली तर चाकणात पिना करणारे काय कमी आहेत? आणि हब एकटा मेला नाही, जाताना डिस्कलाही घेऊन गेला.

दुसरी प्रत का नव्हती म्हणाल, तर त्यासाठी वेगळी डिस्क तेजस्विनीनं मालकांकडे मागितली होती. मालोजीशेठ येळवंडे 'दिवाळीनंतर बघू' म्हणाले होते. कुठली दिवाळी ते बोलले नव्हते.

तर आता आरोपी. या डबीला वीज लागते, आणि कॉम्प्युटर देतो ती वीज डिस्कला पुरत नाही. डिस्क नुसती टिकटिकत बसते नि मध्येच गायब होते. म्हणून डबीला मागच्या बाजूला एक गोल भोक असतं, त्यातून वेगळी वीज द्यायची. गणपतीत डबीचा मूळचा ॲडॉप्टर गेला. तेव्हा तेजस्विनीनं एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला गोल पिन अशी एक वायर आणली, आणि ती जोडली स्वतःच्या मोबाइलच्या चार्जरला. चार्जर होता पासष्ट वॅटचा. सुपरवायझर गणराज आरगडे तेव्हाच चहाच्या टपरीवर सगळ्यांदेखत बोलला होता, की एवढ्याशा डबीला एवढा दांडगा चार्जर, ही पोरगी एक दिवस सगळं जाळणार.

आणि जळलंच की! मग काय, सगळा गाळा गणराजच्या मागं. मालोजीशेठनी डोक्याला हात लावला, गणराजनं तो चार्जर भिंतीतून उपटून तेजस्विनीच्या हातात कोंबला, आणि शेठ तिच्याकडे न बघता म्हणाले, "सोमवारपासनं येऊ नगंस."

नोकरी गेली तर दुसरी मिळते. पण चाकणच्या पट्ट्यात 'हिनं मशीन जाळलं' असं एकदा नावाला चिकटलं, की पुढच्या कुठल्याच गेटवर कुणी उभं करत नाही. डिप्लोमा करून मोजमापाच्या खोलीपर्यंत पोचलेल्या पोरीला हे सांगावं लागत नव्हतं. बसमध्ये ती रडली नाही. रहाटणीत आपल्या बिल्डिंगचा जिना चढली, आणि स्वतःच्या दाराऐवजी समोरच्या दाराची बेल वाजवली.

२

समोरच्या दारामागं राहत होत्या सावित्रीबाई. पिंपरीतल्या एका मोठ्या कारखान्यात क्वालिटीच्या प्रमुख म्हणून रिटायर झालेल्या. त्यांच्या टेबलावरून वाकडा माल पुढं गेला असं कधी झालं नाही, म्हणून लोक त्यांना मागं 'रिजेक्शन बाई' म्हणायचे, आणि ते त्यांना माहीत होतं. रिटायर होऊनही गळ्यातलं भिंग उतरलेलं नव्हतं. भाजी घेतानासुद्धा ते डोळ्याला लावायच्या. भाजीवाले त्यांना बघून टोपली झाकत.

तेजस्विनीनं सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, धीर वगैरे काही दिला नाही. त्यांनी चार्जर मागून घेतला, भिंतीत लावला आणि त्याला आपला मोबाइल जोडला. मोबाइल मुकाट चार्ज व्हायला लागला.

"ज्यानं खून केला म्हणतात तो तर चांगला ठणठणीत आहे," बाई म्हणाल्या.

"पण मावशी, पासष्ट वॅट..."

"आपल्या गच्चीवर टाकी केवढी आहे? म्हणून नळाखाली धरलेला तांब्या फुटतो का? तांब्याला लागेल तेवढंच पाणी तो घेतो. टाकी मोठी असल्यानं काही बिघडत नाही, नळाला जोर भलता आला तर बिघडतं. वॅट म्हणजे टाकी. जोर म्हणजे व्होल्ट. तुझ्या डबीला किती व्होल्ट लागतात?"

"पाच. डबीवरच लिहिलंय. चार्जरपण साध्या वस्तूला पाचच देतो, जास्त द्यायचे तर आधी मोबाइलशी बोलणी करतो. मी हे वाचूनच लावला होता, मावशी. गणराजभाऊंना सांगितलंपण होतं."

"मग तुझं चुकलेलं नाही," बाई म्हणाल्या, आणि दिवसभरात पहिल्यांदा तेजस्विनीच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढं बाईंनी एकच प्रश्न निरनिराळ्या तऱ्हेनं विचारला, तो म्हणजे वायर कुणी जोडली. बटण दाबणारा सगळ्यांना दिसतो, जोडणारा कुणालाच दिसत नाही, हे त्यांचं म्हणणं.

तेजस्विनीनं आठवून सांगितलं. बुधवारी खंडेनवमी. गाळ्यात सगळ्या यंत्रांची पूजा होती. पण तिला आई-वडिलांबरोबर दीक्षाभूमीला जायचं होतं, नागपूरची गाडी गाठायची होती, म्हणून ती दुपारीच निघाली. निघताना डबीची गोल पिनेची वायर तिनं काढली, नीट गुंडाळली आणि आपल्या ड्रॉवरमध्ये हातमोज्यांखाली ठेवली. चार्जर भिंतीतच राहू दिला. शनिवारी सकाळी आली तर सगळं जोडूनच ठेवलेलं. तिला वाटलं कुणीतरी भल्या माणसानं काम वाचवलं. तिनं बटण दाबलं.

"फट् झाल्यावर जोडलेली वायर कोणती होती?"

"माझीच. मी आमच्या इलेक्ट्रिशियनला, सनीला, हाक मारायला बाहेर पळाले, परत येऊन बघितलं तर माझीच वायर होती. म्हणून तर माझं तोंड बंद झालं, मावशी."

बाईंनी ड्रॉवरचं कुणाला सांगितलं होतंस का, असं विचारलं. कुणालाच नाही, तेजस्विनी म्हणाली, आत्ता तुम्हालाच सांगतेय. बाईंनी भिंग पदराच्या टोकानं पुसलं.

"उद्या रविवार असला तरी गाळा चालू असणार. सकाळी तयार राहा. आरोपीनं तपासाला हजर असलेलं बरं."

३

गेटवर वॉचमन दत्तोबानं बारकं गेट अर्धंच उघडलं आणि त्यात स्वतः उभा राहिला. त्याचा चेहरा पडला होता. तुला आत सोडायचं न्हाई असं शेठनी सांगितलंय, तो तेजस्विनीला म्हणाला, आणि म्हणताना जमिनीकडे बघत होता. रोज सकाळी हाच माणूस तिला 'या इंजिनेर' म्हणायचा. तिला वाटलं, आत्ताच्या आत्ता मागं फिरावं.

पण मागं गाडीतून सावित्रीबाई उतरल्या, आणि त्यांच्या मागून त्यांची सून स्वप्नाली, हातात सोल्डरिंगची पेटी घेऊन. स्वप्नाली वाकडला एका कंपनीत सर्किटं बनवायची. रविवारी सासूबाईंबरोबर कीर्तनाला जाण्यापेक्षा मेलेली डिस्क बघायला जाणं तिला केव्हाही पसंत होतं.

मालोजीशेठ ऑफिसातून बाहेर आले नि बाईंना बघून थबकले. वीस-बावीस वर्षांचे असताना ते बाईंच्या हाताखाली ट्रेनी होते. अजूनही त्यांचा हात नकळत शर्टाच्या वरच्या बटणाकडे गेला.

"बाई, तुमी?"

"मालोजी, तपासणी न करता माल रिजेक्ट करायला मी तुला कधी शिकवलं होतं?"

शेठनी वरचं बटण लावलं. संध्याकाळपर्यंत बघा काय बघायचं ते, पण सोमवारी माझ्या हातात काय असणार बाई, असं म्हणून त्यांनी मेलेली डिस्क स्वप्नालीच्या स्वाधीन केली. ती मेंटेनन्सच्या बाकावर जाऊन बसली आणि तिनं डिस्क खोलली.

इन्स्पेक्शन रूममध्ये अजून तो वास होता. यंत्रांच्या डोक्यावर झेंडूच्या माळा सुकत होत्या, प्रत्येक वस्तूवर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली होती. हबच्या माथ्यावरही होती. बाईंनी बाकी कशाला हात लावला नाही. आधी त्यांनी वायरची गोल पिन भिंगाखाली धरली, उलटसुलट केली, मग पूर्ण वायर बोटाबोटानं बघितली. मग भिंग हबच्या मागच्या भोकाला लावलं आणि बराच वेळ तिथंच राहिल्या.

"तू बघ," म्हणून त्यांनी भिंग तेजस्विनीच्या हातात दिलं.

तिनं बघितलं. भोकाच्या कडेला आणि आत, जिथं पिन घासते तिथं, लाल भुकटी बसलेली होती. कुंकू. बाहेरून बोट लावलं तर तिथं पोचणारच नाही, इतकं आत. मग तिनं स्वतःची वायर बघितली. पांढऱ्या हातमोज्यांखालून निघालेली ती वायर कोरी करकरीत होती. पिनेच्या टोकाला भोकातलेच दोन-चार कण, बाकी कुठं कुंकू नाही, हळदीचा डाग नाही.

तिनं पुन्हा एकदा भोकात डोकावून बघितलं. ती हळूच म्हणाली, "मावशी, या भोकात माझ्या वायरच्या आधी दुसरीच पिन गेली होती."

४

ऑफिसात चहा आला आणि बाईंनी एकेकाला बोलावलं. तेजस्विनीला त्यांनी शेजारीच बसवलं आणि तोंड उघडायचं नाही अशी ताकीद दिली.

पहिले शेठ. खंडेनवमीची पूजा कशी झाली, एवढंच बाईंनी विचारलं. शेठ खुलले. दरवर्षीची रीत त्यांनी सांगितली. इलेक्ट्रिशियन सनी सगळीकडच्या वायरी, हत्यारं, बारीकसारीक वस्तू काढून पुसतो आणि पाटावर मांडतो. गणराज सगळ्यात जुना, म्हणून कुंकवाचा करंडा त्याच्या हातात. तो वस्तूवस्तूला बोट लावतो, वायरीच्या टोकांनासुद्धा सोडत नाही. त्या दिवशी अन् दसऱ्याला कशालाच हात लावायचा न्हाई. शुक्रवारी नारळ फोडून मशिनी चालू.

मग सनी. हा एरवी बडबड्या, पण आज त्याच्या तोंडाला कुलूप. पाटावर काय काय मांडलं विचारलं तर म्हणाला, जे दिसलं ते मांडलं मॅडम. बाईंनी सहज विचारलं, की गुरुवारी इथं लाइट जाते तेव्हा वायफायचं काय करता. चाकणात गुरुवारी लाइट जाणार हे पंचांगात लिहिल्यासारखं ठरलेलं. सनी चपापला. म्हणाला, पॉवर बँक आहे. कुठं आहे? असंल इथंच कुठंतरी. बाईंनी बाहेर राउटरकडे बघितलं. राउटरखाली पिशवी अडकवायचा खिळा होता, खिळ्यावर काहीच नव्हतं.

शेवटी गणराज. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला टिळा. त्यानं खुर्चीवर बसायच्या आधीच सुरुवात केली. आपण आधीच बजावलं होतं, साक्षीदार विचारा, असं सगळं त्यानं सांगितलं. बाईंनी विचारलं, शुक्रवारी इन्स्पेक्शन रूममध्ये कोण गेलं होतं?

"कुणी न्हाई. ही रजेवर, मी पाऊलबी टाकलं न्हाई. शनिवारी ही आली तवा मी काचेतनं बघत होतो. आली, ड्रॉवर उघडला, गुंडाळलेली वायर काढली, डबीत खुपसली, बटण दाबलं. झालं कल्याण."

तेजस्विनी उसळून काहीतरी बोलणार, तोच टेबलाखाली बाईंचा पाय तिच्या पायावर पडला. चांगला जोरात पडला. बाई गणराजला म्हणाल्या, की तुमची नजर बारीक आहे हो. गणराज खूश होऊन उठला.

तो जातो न जातो तोच बाहेर आरडाओरडा झाला. रिकामा खिळा बघून शेठनी सनीच्या मोटारसायकलची डिकी उघडायला लावली होती, आणि त्यातून कंपनीची पॉवर बँकेची पिशवी निघाली होती.

५

सनीची पार वाट लागली होती. त्यानं हात जोडून सांगितलं, की खोलीवर लाइट नसते, मोबाइलला लागते म्हणून शनिवारी रात्रीपुरती नेली, आज परत टांगणारच होतो, चोरी नाही केली शेठ. शेठ ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते.

बाईंनी पिशवी टेबलावर रिकामी केली. पॉवर बँक, आणि एक वायर. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला गोल पिन. तेजस्विनीनं आपली वायर तिच्या शेजारी ठेवली. दोन्ही काळ्या, दोन्ही सारख्या लांबीच्या. फक्त या वायरीची यूएसबीकडची मूठ थोडी जाड होती. आणि हिच्या गोल पिनेच्या टोकाला कुंकू पुसटसं उरलेलं, बुडाशी मात्र जाड थर.

"सनी, मल्टीमीटर आण," बाई म्हणाल्या. "आणि तूच माप."

पासष्ट वॅटचा चार्जर भिंतीत लावला. सनीनं मल्टीमीटरची फिरकी व्होल्टवर आणली. आधी तेजस्विनीची वायर जोडली, मल्टीमीटरची टोकं पिनेला लावली. आकडा आला पाच. मग तोच चार्जर, तीच खाच, आणि पिशवीतली वायर. आकडा आला बारा.

शेठनी वाकून आकडा पुन्हा बघितला. मग बाईंनीच सगळ्यांना समजावलं. राउटर चालतो बारा व्होल्टवर, आणि पॉवर बँक देते पाच. म्हणून या वायरच्या जाड मुठीत एक बारकं सर्किट बसवलेलं असतं, ते पाचाचे बारा करतं. राउटरला ते अमृत. पण पाचाच्या डबीत ही पिन गेली की डबी, आणि तिच्या मागं लागलेली सगळी पिलावळ, बारा व्होल्ट पिते. चार्जर एक वॅटचा असता काय नि शंभराचा असता काय, बिचाऱ्याचा यात काडीचा संबंध नाही.

"म्हणजे ही वायर डबीला कुणीतरी लावली," शेठ हळूहळू म्हणाले. त्यांनी सनीकडे बघितलं. "वायर ह्याची. पिशवी ह्याच्या गाडीत. पाटावर मांडणारा ह्योच." आणि त्यांनी सनीची कॉलर धरली. "भाड्या, माझ्या गाळ्यात राहून माझ्यावरच उलटलास व्हय?"

"मालोजी, हात सोड त्याचा," सावित्रीबाई म्हणाल्या. "तुला हवा तो माणूस हा नव्हे."

६

बाईंनी सगळ्यांना बसायला लावलं, गणराजलाही बोलावून घेतलं. दारात शिफ्टची पोरं गोळा झाली होती, त्यांना कुणी हटकलं नाही.

"सनीनं ही वायर स्वतः विकत आणली. ती बाराची आहे हे या गाळ्यात त्याच्याइतकं कुणाला माहीत? तो चुकून लावणार नाही. मुद्दाम लावली म्हणशील, तर मालोजी, शुक्रवारी सनी कुठं होता?"

शेठ खुर्चीत पुढं सरकले. "गावी. मीच रजा दिलती. शनिवारी फट् व्हायच्या जरा आधी आला. दत्तोबानं मलाच सांगितलं, सनी आत्ता आला म्हून."

"बरं. आता मी सांगते ते भिंगाखाली बघून सांगते. पूजेत हबला नुसतं माथ्यावर कुंकू लागलं. पण त्याच्या भोकात आतपर्यंत कुंकू आहे. म्हणजे कुंकू लागलेली पिन आत गेली होती. तेजूची वायर बघा, कोरी आहे, ती पाटावर गेलीच नव्हती. म्हणजे पूजेनंतर कुणीतरी पाटावरची राउटरची वायर उचलून हबला लावली. तेजूनं शनिवारी त्यावर बटण दाबलं, फट् झालं, ती सनीला बोलवायला पळाली. तेवढ्यात कुणीतरी राउटरची वायर काढून पॉवर बँकेच्या पिशवीत टाकली आणि तिच्या जागी तेजूची लावली. ही वायर तोवर होती कुठं? ड्रॉवरमध्ये, हातमोज्यांखाली. हे तेजूनं फक्त मला सांगितलं होतं."

बाईंनी गणराजकडे मान वळवली. आवाज चढवला नाही.

"गणराज, तुम्ही मला म्हणालात, हिनं ड्रॉवरमधून गुंडाळलेली वायर काढून डबीत घातली, ते तुम्ही बघितलं. कोरी वायर घातली असेल तर भोकात कुंकू कुठून आलं? म्हणजे तसं घडलंच नाही, तुम्ही काही बघितलं नाहीत. मग वायर ड्रॉवरमध्ये होती आणि गुंडाळलेली होती, हे तुम्हाला कसं कळलं? ड्रॉवर उघडून ती बाहेर काढल्याशिवाय ते कळत नाही. शुक्रवारी नारळ फोडला कुणी, मशिनी जोडल्या कुणी?"

दारातल्या पोरांनी गणराजकडे बघितलं. शुक्रवारी त्यानं फोडलेला नारळ सगळ्यांनीच खाल्ला होता.

गणराजनं कपाळावरचा घाम पुसला, त्याबरोबर टिळाही पुसला गेला. तो बोलला तेव्हा आवाज पार खाली आला होता.

"पाटावर वायर दिसली. डबीचं भोक मोकळं दिसलं. पिन लावली तर बसली बरोबर. बसली म्हंजी तिथलीच, असं वाटलं. फट् झालं तवा मी वायर उपसली नि जाड मूठ बघितली. सनी मागं बोललेला, ही राउटरचीच हाय म्हून. म्हटलं, सगळं आयुष्य गेलं हितं, एक चूक न्हाई केली, आता ह्या वयात ही?"

"पिन बसते म्हणून वायर तिथली होत नाही," बाई म्हणाल्या. "पण चूक कुणाचीही होते, ती मी कधीच रिजेक्ट केली नाही. ती एका पोरीच्या नावावर खपवलीत, ते रिजेक्ट."

तेजस्विनी उठून उभी राहिली. काल रात्रभर तिनं मनात कितीतरी भांडणं भांडली होती. आता समोर हा माणूस वयानं वडिलांएवढा, मान खाली घालून बसलेला. तिला राग आला होता, खूप आला होता, आणि तो तिनं लपवला नाही.

"गणराजभाऊ, मला माफी खोलीत नको. टपरीवर सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं होतंत ना? तिथंच सांगा."

गणराज उठला आणि गेला. टपरीवर त्यानं काय सांगितलं ते पोरांनी येऊन सांगितलं. चूक माझी, चार्जर बरोबर, पोरगी बरोबर, असं तो दोनदा मोठ्यानं म्हणाला म्हणे.

एवढ्यात मेंटेनन्सच्या बाकावरून स्वप्नाली ओरडली, की सगळ्यांनी इकडं या. तिच्या चिमट्यात ज्वारीच्या दाण्याहून बारीक, काळा पडलेला एक तुकडा होता. डिस्कच्या दारात हा एक पहारेकरी बसवलेला असतो, ती म्हणाली. भलता जोर आत घुसला की तो स्वतःवर घेतो आणि मरतो. हा मेला, म्हणून डिस्क मेल्यासारखी दिसत होती. मी फक्त मढं उचललं.

शेठनी मागवलेला नवा हब टेबलावर ठेवला. तेजस्विनीनं पासष्ट वॅटचा चार्जर भिंतीत लावला, तेव्हा दारातली पोरं नकळत एक पाऊल मागं सरकली. तिनं आपली कोरी वायर हबला जोडली, डिस्क जोडली आणि बटण दाबलं.

निळा दिवा लागला. डिस्क आतल्या आत गुरगुरली, आणि स्क्रीनवर पावसाळाभराची मोजमापं एकाखाली एक उतरायला लागली. पहिल्यांदा टाळी सनीनं वाजवली. मग सगळा गाळा वाजवत सुटला. तेजस्विनीला हसूही येत होतं आणि रडूही, म्हणून तिनं दोन्ही करून टाकलं.

"सगळ्याची दुसरी प्रत आत्ताच्या आत्ता करायची," ती डोळे पुसत म्हणाली. "शेठ, डिस्क?"

"दोन घे," मालोजीशेठ म्हणाले. "आन् पोरी, काल मी तुझ्याकडं न बघता बोललो. चुकलं माझं."

हे त्यांनी तिच्याकडे बघून म्हटलं.

७

सोमवारी गिऱ्हाईक कंपनीची माणसं आली. मोजमापं तेजस्विनीनंच दाखवली, आणि त्यांनी विचारलेल्या एकाही प्रश्नाचं उत्तर तिला शोधावं लागलं नाही. काम मिळालं. गाळ्याला पेढे वाटले गेले ते शेठच्या खिशातून, ही गोष्ट चाकणात अजून सांगितली जाते. राउटरच्या वायरीला सनीनं लाल टेप गुंडाळली, डबीच्या वायरीला पांढरी. येत्या खंडेनवमीला पाटावर वस्तू मांडताना आणि उचलताना इन्स्पेक्शनवालीनं जातीनं उभं राहायचं, असं ठरलं. हे सुचवलं गणराजनंच.

मंगळवारी सकाळी तेजस्विनी वडिलांच्या स्कूटीवरून आली. बारकं गेट नेहमीसारखं उघडंच होतं. तरी दत्तोबा खुर्चीवरून उठला, मोठ्या गेटाचा अडसर दोन्ही हातांनी सरकवला आणि दोन्ही फळ्या सताड उघडायला लागला. ते गेट मालाच्या ट्रकसाठी उघडायचं, नाहीतर शेठच्या गाडीसाठी.

"दत्तोबा, बारकं उघडंय की," ती म्हणाली.

"असू दे. या इंजिनेर, आज मोठ्यातनं या."

तिनं स्कूटी मधोमध घातली आणि आत गेली.